ठिकाणा रोहिडगढ, मुक्काम जिदहफ्स

आमच्या तुबलीच्या गॅरेजात ठाकूरसाहेब मॅनेजरच्या केबिनमध्ये कसे शिरतात, ते एकदा पाहायलाच हवं. हातात कागद घेऊन ते काचेबाहेर उभे राहतात आणि आत नजर ठेवतात. मॅनेजर खुर्चीत असला तर हे जागचे हलत नाहीत. प्रिंटरमधला कागद संपला म्हणून, एसीचा रिमोट सापडेना म्हणून, किंवा नुसती पाठ आखडली म्हणून मॅनेजर उठला, की त्याच क्षणी दार उघडून ठाकूरसाहेब आत. काम झालं तरी निघत नाहीत. तो पुन्हा उठेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत बसतात. आता बहरीनच्या हवेत बोलण्यासारखं असतं काय? गरम आहे, आणि उद्या जास्त गरम होईल.

मी एकदा कारण विचारलं. "परबजी, हमारे ठिकाणे को दोहरी ताजीम है," ते म्हणाले. ठिकाणा म्हणजे त्यांची जहागीर. रोहिडगढचे ठाकूर दरबारात आले की महाराजांनी उठून उभं राहायचं आणि ते निघाले की पुन्हा उठायचं. इतर सरदारांना हा मान एकदाच. "पिताजी ने बैठे हुए आदमी को कभी सलाम नहीं किया. मैं कैसे करूँ?" आमचे मॅनेजर कोट्टायमचे थॉमस. त्यांना गुडघेदुखी आहे, ते कामाशिवाय उठत नाहीत. त्यामुळे ठाकूरसाहेबांची लीव्ह मंजूर व्हायला फार वेळ लागतो.

ठाकूर भवानीसिंह हे त्यांचं नाव. काम गाड्या सोडायचं: कुठला ट्रक मीना सलमान बंदराला, कुठला पिकअप सिमेंटला. मी त्याच गॅरेजात स्टोअरकीपर. जिदहफ्सला आमची दारं समोरासमोर. मी बायकोसह राहतो, ते एकटेच. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेली, मूलबाळ नाही. ठाकूरसाहेब ड्रायव्हरांना "यल्ला, यल्ला!" असं ओरडतात तेव्हा समोर सिमेंटची गाडी नसून हत्ती उभा असावा असं वाटतं.

वंशावळ तोंडपाठ. क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीनं 'नेम?' एवढंच विचारलं, तर हे मूळ पुरुष राव धीरोजींपासून सुरू झाले. धीरोजींचे करणसिंह, करणसिंहांचे सूरतसिंह, अशा सतरा पिढ्या. मागे रांग लागली. शेवटी त्या बिचारीनं सीपीआर, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागून घेतलं आणि "खलास, अंकल, खलास," म्हणाली.

मी महाराष्ट्रातला हे कळताच पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "तोप कब लौटा रहे हो?" मराठ्यांच्या फौजेनं म्हणे रोहिडगढच्या बुरुजावरची तोफ ओढून नेली होती. मी सांगून पाहिलं की माझे पूर्वज तेव्हा मालवणात मासे पकडत होते, त्यांनी तोफच काय, घोडादेखील जवळून पाहिला नसेल. "सब मराठे यही बोलते हैं," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या डब्यातली भाजी मी जरा जास्त वाढून घेतली की आख्ख्या गॅरेजला ऐकू जातं, "मराठों ने फिर लूटा!"

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ती वंशावळ त्यांच्या थोरल्या भावावर संपायची. मी सहज विचारलं, "आणि मग तुम्ही?"

"नहीं हुकम. फिर भँवर विक्रम," ते म्हणाले. विक्रम म्हणजे पुतण्या; ठाकुरांच्या नातवाला भँवर म्हणतात. "मैं छुटभाई हूँ. छोटे का नाम नहीं बोलते. बोलने लगें तो शाम हो जाए."

थोरल्याला ठिकाणा, थोरल्याला गढी, थोरल्याला पाग. पाग म्हणजे घराण्याची पगडी. धाकट्याला एक विहीर, थोडं शेत आणि वाटलं तर आखाताचा व्हिसा. ज्या यादीत आपलं नाव नाही ती यादी हा माणूस परक्या मुलखात दिसेल त्याला म्हणून दाखवत होता. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

दर शुक्रवारी सकाळी आमची बेल वाजायची. "परबजी, पल्ला पकडिये." लांबलचक केशरी कापडाचं एक टोक मी धरून पॅसेजमध्ये उभा राहायचो आणि ते दुसऱ्या टोकाकडून डोक्याला पीळ देत माझ्या दिशेनं सरकत यायचे. पाग बांधून झाली की आरशात बघायचे. मग ती सोडून, घडी घालून कपाटात. बाहेर कधी घातली नाही. "आपली नसलेली पाग घालून कसं फिरायचं?" असं ते म्हणत. तरी ती डोक्यावर यावी असं त्यांना फार वाटायचं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

विक्रम पुण्याला नोकरीला लागला आणि त्यानं साताऱ्याच्या वैशालीशी लग्न केलं. ठाकूरसाहेबांनी भर दुपारी स्टोअरमध्ये येऊन जाहीर केलं, "पहले तोप ले गए, अब भँवर को भी ले गए!" ते हसत होते, पण त्यांच्या भाऊबंदांना हसू आलं नव्हतं. त्या घरात सुनेला माहेरच्या कुळानं हाक मारतात. भाटींची मुलगी ती भटियाणीजी, चौहानांची ती चौहाणजी. साताऱ्याच्या मुलीला काय म्हणायचं ते कोणाला कळेना, म्हणून तिला कोणी हाकच मारत नव्हतं.

मग थोरले भाऊ वारले. भाऊबंदांचा फोन आला: विक्रमनं जातीबाहेर लग्न केलंय, पाग त्याला नाही, बाराव्याला ती तुम्हीच बांधायची. हे ठाकूरसाहेबांनी मला रडत रडत सांगितलं. भावाचं दुःख खरं होतं, आणि दुसरंही खरं होतं. बॅग मी भरून दिली. आता परत येतील ते खरेखुरे ठाकूर होऊन, म्हणून आम्ही गॅरेजात चहा-समोशांचा बेतही ठरवून ठेवला.

परत आले ते मुंडण केलेलं उघडं डोकं घेऊन. थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी विचारलं, "पाग?"

"मफी," ते म्हणाले. नाही.

मग हळूहळू सांगितलं. अंगणात सगळे भाऊबंद बसलेले. विक्रम आपल्याच घरात मागे खांबाशी. वैशाली पाणी घेऊन आली, तर एक म्हातारे काका तिला म्हणाले, "ए, इधर रख." तिनं तांब्या ठेवला आणि सरळ ठाकूरसाहेबांना म्हणाली, "काकोसा, मेरा नाम वैशाली है. नाम से बुलाइये ना."

सारवासारव करायला ठाकूरसाहेब म्हणाले, "बेटा, इस घर में नाम से नहीं बुलाते. हमारी दादीसा को भी सब भटियाणीजी ही कहते थे."

"और उनका नाम क्या था?" तिनं विचारलं.

"परबजी, मुझे मालूम नहीं था," ठाकूरसाहेब मला म्हणाले. जन्मताच आई गेली, आजीनंच त्यांना वाढवलं. "वो सत्रह नाम मुझे दादीसा ने ही रटवाए थे. गोद में बिठाकर. और मैंने उनका नाम कभी पूछा नहीं."

तेवढ्यात पुरोहितानं पाग पुढे केली. ठाकूरसाहेबांनी ती घेतली, उठून मागे खांबाशी गेले आणि विक्रमच्या डोक्याला बांधली. मग मोठ्यानं हाक मारली, "वैशाली, बेटा, आगे आओ." भाऊबंद बाराव्याचं न जेवताच उठून निघून गेले. तेव्हापासून त्यांच्यापैकी एकाचाही फोन नाही.

"मन में नहीं आया, रख लूँ?" मी विचारलं.

"आया. बहुत आया."

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. आजीच्या माहेरगावी ओळखी काढून ते फोन करत राहिले. कोणी म्हणे बघतो, कोणी म्हणे इतकं जुनं कोणाला आठवणार. ठाकूरसाहेब प्रत्येकाला "इंशाल्ला" म्हणत, आणि वाळवंटातले ते भाटी बुचकळ्यात पडत.

परवा शुक्रवारी दुपारी आमच्याकडेच जेवत होते, तेव्हा फोन वाजला. त्या माहेरघरातली एक थकलेली म्हातारी बोलत होती. स्पीकर लावला. तिला ऐकू कमी येई. ठाकूरसाहेब ओरडून सांगत होते, "जो रोहिडगढ ब्याही थी! रोहिडगढ!"

"दाखू?" म्हातारी म्हणाली. "माझी सगळ्यात मोठी आत्या. दाखू कंवर. रुसली की नीमावर चढून बसायची म्हणे, आख्खं घर खाली उभं." तिच्या मारवाडीतलं एवढं मला कळलं.

फोन बंद झाला. ठाकूरसाहेबांचा उष्टा हात तसाच वाळत होता. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजी झाडावर चढायची, हे त्यांना आज कळलं होतं.

"परबजी," ते म्हणाले, "आप एक बार बोलो. बहुत साल से किसी ने बोला नहीं है."

मी म्हटलं, "दाखू कंवर."

"और एक बार," ठाकूरसाहेब म्हणाले.