लाडवाच्या डब्यावरचा अंगठा

डब्याच्या झाकणावर, कडेपासून बोटभर आत, तुपाचा एक ठसा होता. रेषा मधोमध गोल फिरलेल्या, भोवऱ्यासारख्या.

मी वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी.; अमडापूरला दहावीला विज्ञान शिकवते. नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "गजेंद्र, चहा गार व्हायच्या आत चोर हजर करते!"

संशयित माझे सासरे भगवानराव, म्हणजे आमचे मामाजी. साखर इतकी वाढलेली, की पायाची जखम दिवाळीपासून भरत नव्हती. इन्सुलिन घ्या, असं सांगून बुलढाण्याचे डॉक्टर थकले. मामाजींचं एकच उत्तर, "कपाशी निघू दे, मग पाहू." कपाशीतून निघाली बोंडअळी! मग, "नुकसानीचे पैसे येऊ दे, मग पाहू." इकडे डिंकाचे लाडू रोज कमी होत होते. विचारलं तर म्हणायचे, "उंदीर असन."

झाकण लावून जाणारा उंदीर!

पुरावा समोर ठेवला की मामाजी मुकाट सुई घेतील, असा माझा बेत. पेन्सिलीच्या शिशाची पूड ठशावर भुरभुरली आणि शाळेचं शाईचं पॅड घेऊन ओसरीवर बसले. तुलनेसाठी आधी सासूबाईंचा अंगठा कागदावर टेकवते तोच शेजारची मुबीना कुंपणावरून ओरडली, "भाभी, बोंडअळीचे पैसे आले काय?"

"नाही गं! लाडवांची चोरी..."

"लाडवासाठी कोणी अंगठा घेते काय? लपवू नका!"

थोड्याच वेळात रांग पिठाच्या गिरणीपर्यंत! कोणाच्या हातात आधार कार्ड, कोणाच्या सातबारा. मी खरं सांगत गेले तशी रांग लांबत गेली. गजेंद्र मदतीला आला आणि रांगेला पाणी वाटू लागला. पाणी मिळतंय म्हणजे मोठा साहेब येणार, असंही ठरलं!

उकंडराव तर किडकी बोंडं पिशवीत भरून आले. "मॅडम, बीटीत अळी मरते म्हणे. मंग हे काऊन जिती?"

"ज्या थोड्या तगल्या, त्यांचीच पिल्लं वाढली."

"म्हंजे आमच्यासारखीच!"

जनकाबाईंनी बोटं पुढे केली. "माह्या रेषा घासल्या. मशीन अंगठा घेत नाही. पुन्हा उगवतात काय?"

"उगवतात. हातांना आराम द्या."

"आराम? कोन्या दुकानात भेटते?"

तेवढ्यात लोकांनी मामाजींना पुढे ढकललं. त्यांचा अंगठा मी झडप घालूनच घेतला. रेषा कमानीसारख्या. भोवरा नाहीच! मग कोणाचा? सहज स्वतःचा अंगठा टेकवला.

भोवरा.

लाडू मीच वळले होते. झाकणही मीच लावलं होतं. आता बोला!

"मॅडम, झालं काय मंजूर?"

"अहो, पैसे नाहीत! लाडू आहेत! म्हणजे, तेही नाहीत!"

जो गलका उठला, तो मलकापुरात ऐकू गेला असेल. मामाजी लंगडत पुढे झाले. "माह्या सुनेवर ओरडू नका! लाडू म्याच खाल्ले!"

उकंडरावांनी त्यांच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. "साखर हाये न तुले? सुई काऊन नाही घेत?"

"पैसे आले की घेतो."

"अबे भगवान, पैसे येतील तवा मशीनले जित्या मानसाचा अंगठा लागते!"

रांग खो खो हसली. मामाजी हसले नाहीत. शाईचा अंगठा त्यांनी धोतराला पुसला.

"सूनबाई," ते म्हणाले, "सकाळच्या गाडीनं बुलढाण्याले जाऊ. सुई घेतो."