पाळकांसाठी राखलेला संडास

ट्यूडर विनच्या सासूबाईंच्या नव्या बंगल्यात दोन संडास होते. त्यातला चांगला संडास आजवर एकदाही वापरला गेलेला नाही, हे ट्यूडरला कळलं ते नेमकं तपासणीच्या दिवशी सकाळी.

एरवी ही गोष्ट कुणी मनावर घेतली नसती. पण वेल्समध्ये नवं घर बांधायचं तर छताला आग विझवणारे फवारे बसवावेच लागतात, आणि ते बसवले की पंप तपासा, टाकी धुवा, दरवर्षी माणूस बोलवा, ही कटकट कायमची मागे लागते. ट्यूडरने त्यावर तोड काढली होती. पंप नाही, टाकी नाही. घरातल्या पिण्याच्या पाण्याचीच नळी छतातून सगळ्या फवाऱ्यांपाशी फिरवायची आणि तिचं शेवटचं टोक संडासाला जोडायचं. कुणी फ्लश केला की नळीतलं शिळं पाणी पुढे सरकून ताजं पाणी आत येतं. देखभाल काय ती एवढीच, की घरच्यांनी वेळच्या वेळी संडासला जावं. हे मात्र माणूस न सांगता करतो, असं ट्यूडर चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

पहिला प्रयोग त्याने सासूबाईंच्या घरी केला होता, आणि नळीचं टोक जोडलं होतं मागच्या, चांगल्या संडासाला. आज काउन्सिलच्या बाई पाहायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर गावच्या चॅपलच्या प्रार्थनाघरामागे म्हाताऱ्या माणसांसाठी बांधायच्या साऱ्या बंगल्यांत हीच नळी बसणार होती. नाही दिला, तर ट्यूडरने पुन्हा पन्हाळी बसवायला जावं, असं त्याच्या बांधकाम कंपनीच्या साहेबाने स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलं होतं. शिवाय सासूबाई होत्याच. एल्युनेडबाईंच्या लेखी हा जावई म्हणजे वेल्सच्या उत्तरेकडचा, त्यात चॅपलमध्ये बेसूर गाणारा. मुलीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मीटर बघायला आलेल्या माणसाशी बोलावं तशा त्या त्याच्याशी बोलत.

"आई, मागच्या संडासात पाणी नीट येतं ना?" ट्यूडरने सहज विचारलं.

"मला काय ठाऊक? तो पाहुण्यांचा आहे. चॅपलचे पाळकसाहेब आले तर असावा म्हणून."

"मग आले होते का पाळकसाहेब?"

"पुष्कळदा आले. पण संयमी माणूस."

ट्यूडर तडक मागे गेला. संडासाला कुलूप होतं आणि किल्ली कपाटातल्या चांगल्या किटलीत. आत गुलाबाच्या आकाराचे साबण, भरतकामाचा टॉवेल, सारं जिथल्या तिथे. त्याने फ्लश केला, फ्लशची टाकी नव्याने भरू लागली, आणि नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. वास तर तळ्याचा. हेच पाणी घरातल्या प्यायच्या पाण्याला टेकून उभं होतं. त्याने पुन्हा फ्लश केला. पुन्हा तेच.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "अहो जावईबापू, पोट बिघडलं असेल तर पुढच्यात जा हो. इथे नको."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. काउन्सिलच्या बेथन रॉदरिकबाई डोंगरातली सगळी वळणं घेत लांबून आल्या होत्या. त्यांनी नमस्कार-चमत्कारही आटोपते घेतले आणि आधी टॉयलेट कुठे आहे ते विचारलं.

एल्युनेडबाईंचा चेहरा उजळला. पाळकांच्या खालोखाल मान सरकारी माणसाचाच. त्या लगबगीने पुढे झाल्या, तोच ट्यूडर बोळात आडवा उभा राहिला. पुढचा संडास जास्त हवेशीर आहे, असं काहीतरी तो पुटपुटला.

"पाहुणीला घरच्या संडासात पाठवू? लाज आहे की नाही काही?"

"आई, फक्त आजच्या दिवस."

दोघांचं हे चालू असताना रॉदरिकबाई कधी या पायावर, कधी त्या पायावर उभ्या होत्या. पाहुणीसाठी मनुकांचे केक तव्यावर टाकले आहेत, याचं भान कुणालाच राहिलं नाही. शेगडीवर वाळत घातलेलं फडकं घसरून जाळावर पडलं, पडद्याने पेट घेतला आणि स्वयंपाकघरातून धुराचा लोट आला.

आधी धावल्या त्या रॉदरिकबाई. त्यांनी गॅस बंद केला आणि वर पाहिलं, त्याच क्षणी छतातला फवारा फट् करून फुटला. बंगला बांधल्यापासूनचं साठलेलं पाणी धबाबा त्यांच्या अंगावर कोसळलं. काळं, मग तपकिरी, मग एकदम स्वच्छ. आग तोवर केव्हाच विझली होती.

ट्यूडरने पाणी बंद केलं.

"नळी जोडलेला मागचा संडास कधीपासून वापरला नाही?" चेहरा पुसत रॉदरिकबाईंनी विचारलं.

"घर बांधल्यापासून," एल्युनेडबाई ताठ मानेने म्हणाल्या. "टॉवेलची घडी मोडलेली दिसायची नाही तुम्हाला."

ट्यूडरने डोळे मिटून घेतले. त्याला पन्हाळी दिसू लागल्या.

"माझ्या आईकडे पण असाच एक आहे," रॉदरिकबाई म्हणाल्या. "बाबा वारले, पण तो आतून कसा आहे ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं." मग त्या ट्यूडरकडे वळल्या. "नळी उत्तम आहे. ती जोडलीत मात्र भलत्याच संडासाला. नव्या बंगल्यांत घरची माणसं रोज जातात तिथे जोडा, मी सही करते. या घरात तोडफोड नको, पण मागचा संडास रोज वापरात हवा."

ट्यूडरला इतकं हायसं वाटलं की तो ओल्या खुर्चीतच बसला. रॉदरिकबाई घाईघाईने मागच्या संडासात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचाही चेहरा निवलेला होता. एल्युनेडबाई अर्ध्या जळलेल्या पडद्याकडे आणि त्यामागच्या शाबूत भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

पुढच्या रविवारी ट्यूडर बायकोला घेऊन सासुरवाडीला जेवायला गेला. कोकराचं मटण झालं, वर दोन कप चहा झाला आणि सवयीने तो पुढच्या संडासाकडे वळला. दाराला कुलूप होतं. किल्लीच्या भोकातून गुलाबाच्या साबणांची रांग आणि भरतकामाचा टॉवेल दिसत होता.

"तो आता पाहुण्यांचा," मागून एल्युनेडबाई म्हणाल्या. "पाळकसाहेब आले तर असावा."

"मग मी कुठे जाऊ?"

"तू कुठला पाहुणा? तू घरचा. मागे जा. आणि दोनदा फ्लश कर, माझं घर राखायचंय."

ट्यूडर मागे गेला आणि त्याने तीनदा केला.