घासूनपुसून तयार केलेला नवरा

घासणे या विषयात मला कोणी काही शिकवायला जाऊ नये. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत कुणाची पितळी समई काळी पडली, की ती जिना चढून माझ्याकडे येते आणि जाताना नवरीसारखी जाते. माझं तत्त्व साधं आहे. जोर लावला की चमक येते, आणि चमक आली नाही तर जोर कमी पडला. या तत्त्वाने मला आजवर दगा दिला नव्हता. पण आजवर मी माणूस घासला नव्हता.

सुरुवात आमच्या मितालीने केली. ही माझी मुलगी बेलापूरला नोकरी करते आणि जगातलं जे जे काही चेहऱ्याला लावता येतं ते घरी आणते. एके दिवशी तिने एक हिरवा, चपटा दगड आणला. एका बाजूला गुळगुळीत खाच, दुसऱ्या बाजूला फणीसारखे दाते. त्याला ‘गुआ शा’ म्हणतात, चीनकडचा जुना प्रकार आहे म्हणे.

“आई, आधी तोंडाला तेल लावायचं, मग हा हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला फिरवायचा. रक्ताभिसरण वाढतं, डोळ्यांखालची सूज उतरते. चेहरा थोडा वेळ छान दिसतो.”

“थोडाच वेळ? आणि सुरकुत्या?”

“त्या जात नाहीत. जातात असं फक्त दगड विकणारे सांगतात. आणि हे बघ, जोर लावायचा नाही, पुरळ असेल तिथे फिरवायचा नाही, आणि...”

एवढ्यात कुकरने शिट्टी दिली. मी गॅस बारीक करायला गेले आणि ‘आणि’च्या पुढचं सगळं मागेच राहिलं.

खरं सांगते, दगड गुणाचा निघाला. रोज सकाळी मी तो जरा फिरवायची. डोळ्यांखालच्या पिशव्या उतरायच्या, जबड्याला बरं वाटायचं, आणि घटकाभर कुणी हाक मारत नाही हे सुख वेगळंच. शेजारच्या मनिषाने तर विचारलंच, “रमाताई, फेशियल केलंत का?” मी नुसती हसले. माणसाला एकदा असं कुणी विचारलं, की त्याची बुद्धी फिरायला वेळ लागत नाही.

त्याच सुमारास मितालीचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, परेश. इतका सालस, की आमच्याकडे चहा प्यायला तर कप स्वतः विसळून ठेवतो. घर उरणजवळच्या गावातलं. पूर्वीची मिठागरं, आता जमिनींवर इमारती आणि गावाबाहेर माशांचं तळं. परेशचे वडील महादेव आणि आई कमळाबाई रविवारी आमच्याकडे येणार होते आणि होय की नाही ते सांगणार होते. त्या घरात महादेवरावांचं मत अजून कुणी ऐकलेलं नव्हतं. निकाल कमळाबाईंच्या हातात. मितालीने सांगून टाकलं होतं, लग्न करीन तर परेशशीच. त्या आठवड्यात पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि तिला तसं बघून माझ्याही.

घर मी लखलखीत केलं. भांडी, पडदे, पंखे, सगळं. राहता राहिले आमचे हे. चारुदत्त हे नाव भारदस्त असलं, तरी निवृत्त झाल्यापासून झोप ही ह्यांची पूर्णवेळ नोकरी आहे, आणि सकाळी चेहरा दुधात बुडवलेल्या पावासारखा फुगलेला असतो. असा चेहरा व्याह्यांना दाखवायचा? रविवारी सकाळी मी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि दगड काढला.

तेल लावलं नाही. तेलाने पकड सुटते, हे भांडी घासणाऱ्या कुणालाही विचारा. आणि गुळगुळीत बाजूने कितीसं काम होणार? मी दात्यांची बाजू धरली.

“अगं, दुखतंय.”

“चमक येताना दुखतंच.”

“मला चमक नकोय.”

“मितालीचं लग्न हवंय ना? मग हलू नका.”

डावा गाल मी मन लावून केला. गाल आधी गुलाबी झाला. मी म्हटलं, बघा, रक्ताभिसरण! मग लाल झाला. मग मी उजव्या गालाकडे वळणार, तोच डावा जांभळा व्हायला लागला. नुसता जांभळा असता तर चाललं असतं. पण दात्यांमुळे कानापासून हनुवटीपर्यंत स्वच्छ, समांतर ओळी उमटल्या होत्या. कुणीही बघितलं असतं तर एकच म्हणालं असतं. कुणीतरी ह्यांच्या सणसणीत कानाखाली वाजवली आहे.

मिताली खोलीतून आली आणि भिंत धरून उभी राहिली. “आई, बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात. अशा माणसावर हा दगड फिरवायचाच नाही. मी सांगितलं होतं तुला.”

“कधी?”

“कुकर वाजत होता तेव्हा.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दगड बाजूला ठेवा, गार पाण्याच्या घड्या ठेवा, काही दिवसांत डाग जातील, पसरले किंवा वाढले तर लगेच घेऊन या. काही दिवसांत! इकडे परेशचा निरोप आला होता, की मंडळी पनवेलातल्या उरण नाक्यापर्यंत पोचली.

घाईघाईने मितालीने तिचं फाउंडेशन ह्यांच्या गालाला थापलं. तिचा रंग माझा, ह्यांचा रंग ह्यांचा. डावा गाल गोरा झाला म्हणून उजवाही रंगवावा लागला, मग कपाळ. शेवटी चेहरा एका माणसाचा आणि मान दुसऱ्याची असं काहीतरी तयार झालं. हे आरशात बघून म्हणाले, “मी आत झोपतो. मी गावाला गेलोय म्हणून सांगा.” तेवढ्यात बेल वाजली.

कमळाबाई आत आल्या. भरजरी लुगडं, गळाभर सोनं, आणि नजर अशी की माझ्या पंख्यांवरची धूळसुद्धा दचकली असती, असती तर. मागून महादेवराव, त्यांच्या मागून परेश. पनवेलची ती दमट दुपार, पंखा फिरतोय तो केवळ नावाला. नारळाच्या वड्या फिरेपर्यंत ह्यांच्या गालावरचा रंग ओघळून सदऱ्याच्या कॉलरवर उतरला आणि खालून ओळी वर आल्या.

आमचं चुकलं एवढंच, की काय सांगायचं ते ठरवायला वेळ मिळाला नव्हता. गॅलरीत महादेवरावांनी हळूच विचारलं, “दादा, गालाला काय झाला?” हे म्हणाले, गांधीलमाशी चावली. स्वयंपाकघरात कमळाबाईंनी मितालीला विचारलं. ती म्हणाली, बाबा बाथरूममध्ये घसरले. नंतर त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, दाढ काढली काल. कमळाबाई नुसत्या मान हलवत राहिल्या.

तरीही निभावलं असतं. पण ह्यांच्या हनुवटीवरून रंगाचा एक थेंब वडीवर पडणार असं दिसलं, म्हणून मी पदर घेऊन हात उचलला. सकाळपासून पोळलेला माणूस तो. दोन्ही हातांनी डोकं झाकून खुर्चीत खाली सरकला आणि म्हणाला, “नको गं, पुन्हा नको. तू म्हणशील तसं बसतो.”

परेश वडीकडे बघत बसला. मितालीच्या डोळ्यांत पाणी आलं. कमळाबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, “ताई, जरा आतल्या खोलीत चला.”

आत जाताना मनात एकच होतं. पोरीच्या आयुष्याचं आपल्या हाताने वाटोळं केलं, तेही चमक यावी म्हणून. त्यांनी दार लोटलं.

“खरा सांगा. नवऱ्याला मारता तुमी?”

“नाही हो! आजवर हात उचलला नाही. आवाज उचलते कधीकधी, पण हात नाही.”

मग मी सगळं सांगितलं. दगड काढून दाखवला. दाते दाखवले, गोळीचं सांगितलं, कुकरची शिट्टीसुद्धा सोडली नाही. त्यांचा विश्वास बसेना. “असा कोन दगडानं तोंड घासतो?” शेवटी मी त्यांना पलंगावर बसवलं, गोळ्या कोणत्या घेता ते आधी विचारलं, गालाला तेल लावलं आणि गुळगुळीत बाजूने, मांजराला कुरवाळावं इतक्या हलक्या हाताने, दगड कानाकडे फिरवला. दोनतीनदा फिरवला आणि बाईंचे डोळे मिटले. खांदे सैल पडले. “बरा वाटतो गं,” त्या पुटपुटल्या. मला वाटलं, जिंकले.

डोळे उघडल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला होता.

“म्हंजे गालावर तुमी मारला नाय?”

“नाही, अगदी शपथ.”

“मंग आमाला विचार कराया लागंल.”

“अहो, आता कसला विचार? आता तर सगळं स्वच्छ झालं ना?”

कमळाबाईंनी सुस्कारा सोडला. “ताई, माजा परेश गरीब गाय हाय. कोनी पन येतो, गोड बोलतो, वस्तू मागून नेतो. परवा लांबचा भाऊ गाडी घेऊन गेला, अजून आनली नाय. ह्यो बोलतो, राहू दे आये. बापूस पन तसाच. घरात बोलनारी मी एकटी. माज्या मागं कोन? तुमचा घरवाला कसा खाली सरकला त्या बघितला नि माजा जीव भांड्यात पडला. मनात बोलली, अशा आईची पोरगी आली तं माजा घर टिकंल. ह्यांना डोल्यानं खुनावला पन, की होकार द्या. आता तुमी सांगता, मारला नाय.” त्यांनी दगडाकडे असं पाहिलं, जणू त्यानेच त्यांचा विश्वासघात केला होता. “पोरगी पन मंग तुमच्यासारखीच नरम निंगंल.”

तासभर मी जो गैरसमज मोडायला धडपडत होते, त्यावरच माझ्या लेकीचं लग्न उभं होतं.

तोच दार उघडलं. आमचे हे. बाहेर उभे राहून सगळं ऐकत होते. संसारात ह्यांना योग्य वेळी योग्य बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“ताई, ती लाजते सांगायला. दगडाचं सगळं खोटं आहे. मारते ती. सकाळी मी नीट बसलो नाही म्हणून मारलं.”

कमळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दाराच्या फटीतून मिताली दिसत होती, हात जोडून उभी. मी काय करणार?

“मारते,” मी म्हटलं. “मितालीलाही शिकवलंय.”

कमळाबाईंनी उठून मला मिठी मारली. बाहेर येऊन महादेवरावांना म्हणाल्या, “साखर वाटा.” महादेवरावांनी साखर वाटली, आणि मला देताना ती चमच्याने, जरा लांबून दिली.

लग्न माघात आहे. ह्यांचा गाल केव्हाच साफ झाला आणि गुआ शा आता फक्त माझ्या तोंडावर चालतो, तेलासकट, हलक्या हाताने. पण उरणपर्यंत माझी कीर्ती पोचली आहे. महादेवरावांना ह्यांची इतकी कणव आली आहे, की तळ्यातला जिताडा मासा ते दर रविवारी स्वतः घेऊन येतात. “व्याही, खावा. अंगात ताकद पायजे,” असं ह्यांच्या कानात सांगतात आणि माझी नजर चुकवून निघून जातात. तो जिताडा मी साफ करते, मी कालवण करते. डोकं आणि मधले तुकडे मार खाणाऱ्या माणसाला, शेपटी मला. तक्रार करायची सोय नाही. लग्न लागेपर्यंत मी नवऱ्याला मारते आहे.