हंबीर एकल

हंबीर मोटारसायकल सुरू व्हायला पेट्रोल लागतं, किक लागते आणि जिथं जायचं तिथं आपली वाट बघणारं एक माणूस लागतं. यातलं एक जरी नसलं तरी ती सुरू होत नाही. हँडल धरून ठिकाणाचं नाव घ्यायचं आणि किक मारायची, अशी पद्धत आहे. नाव एक घेऊन भलतीकडे वळलं तर गाडी पहिल्याच वळणावर बंद पडते. लोकांनी करून पाहिलेलं आहे.

आमच्या सांगली भागात दोन पिढ्या या गाडीला मान होता. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या वडिलांची हंबीर कितव्या किकला सुरू होते, ते आडून विचारलं जायचं. कचेरी सुटली की पुरुष आपापल्या गाडीपाशी जाऊन घराचं नाव घ्यायचे. ज्याची सुरू होत नसे तो प्लग काढून फुंकर मारत बसायचा आणि बाकीचे त्याच्याकडे न बघता निघून जायचे. कंपनीच्या जाहिरातीत गाडीवर एक मिशीवाला पुरुष असे आणि मागं दारात धूसर अशी एक बाई. ही बाई सुट्या भागांच्या पुस्तकात कुठंच नव्हती, पण तिच्याशिवाय एकही हंबीर कधी हललेली नाही.

मी कुपवाडच्या कारखान्यात ‘नवे ग्राहक’ विभागात लागले तेव्हा खप निम्म्यावर आला होता. विभागात मी एकटीच होते. माझ्या वयाची मुलं-मुली पुण्याला किंवा बंगळूरला भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीत कोणी वाट बघत नसतं. हौसेनं घेतलेली हंबीर त्यांना शोरूममधून ढकलत न्यावी लागायची, आणि मग ती जिन्याखाली कपडे वाळत घालायला उपयोगी पडायची.

यावर संचालकांनी पुष्कळ विचार केला. कंपनीचे प्रमुख बापूसाहेब मगदूम ऐंशीच्या घरातले आणि बाकीचे संचालक त्यांना वडीलधारे मानून गप्प बसणारे. मुलींसाठी टाकी गुलाबी करावी, असं ठरत आलं होतं. मी विचारलं, गुलाबी टाकीच्या गाडीची वाट कोण बघणार? एक संचालक म्हणाले, लग्नाआधी आई-वडील, नंतर नवरा. मी म्हणाले, म्हणजे मुलींनी फक्त या दोनच ठिकाणी जायचं का? बापूसाहेबांनी चहा आल्याचं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

नंतर पगारी प्रतीक्षक नेमून झाले. निवृत्त कामगारांना ठिकठिकाणी खुर्च्या देऊन बसवलं. गाड्या सुरू झाल्या नाहीत. चौकशीत असं निघालं की सगळे पाच वाजायची वाट बघत होते. एकजण मात्र खरोखर माणसाची वाट बघत होते, पण ते कॅनडातल्या त्यांच्या मुलाची. तो जर हंबीरवरून आला असता तर गाडी पहिल्या किकला सुरू झाली असती, असं मुख्य अभियंता पाटकर यांचं मत पडलं.

तेव्हा मी म्हणाले, गाडीच उलटी करा. जिथं कोणीही वाट बघत नाही तिथं जाणारी हंबीर काढा. अशी ठिकाणं वाढतच चालली आहेत.

पाटकरांनी एक वायर उलटी जोडली आणि काम झालं. इतकी वर्षं हे का केलं नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, कोणी सांगितलंच नाही. नव्या गाडीचं नाव मी ‘सोलो’ सुचवलं होतं. बापूसाहेबांना ‘निःसंग’ हवं होतं. शेवटी ‘एकल’ ठरलं. चाचण्या चांगल्या झाल्या. गाडी ओसाड गोदामाकडे गेली, बंद पडलेल्या सूतगिरणीकडे गेली, माझ्या विश्रामबागेतल्या खोलीकडे तर नुसत्या पायाच्या स्पर्शानं सुरू झाली. फक्त स्मशानाचं नाव घेतल्यावर ती काही केल्या सुरू होईना. त्या विषयावर बैठकीत चर्चा झाली नाही.

उद्घाटनासाठी मार्ग ठरवायचा होता. बापूसाहेबांना गोदाम चालणार नव्हतं. विक्रेत्यांना खरं घर दाखवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आपली कोणीही वाट बघत नाही असं घर कोणाकडे आहे, असं त्यांनी विचारलं. सगळे आपापली नखं बघायला लागले. मी हात वर केला आणि तासगावचं नाव सांगितलं.

“आई-वडील नाहीत?” बापूसाहेबांनी विचारलं.

“आहेत.”

“मग बघत असणार की गं वाट.”

मी म्हणाले, नाही बघत. बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा मी नाकारला तेव्हा अण्णा म्हणाले होते, मग तुझं तू बघ. त्याला दोन वर्षं झाली. आईचा फोन येतो. जेवलीस का विचारते, गॅस संपला का विचारते. कधी येतेस, असं तिनं एकदाही विचारलेलं नाही.

बापूसाहेबांनी मान डोलावली. गाडी तासगावला पोचली तर विक्रेते मागणी नोंदवतील आणि विभाग कायम होईल. नाही पोचली तर विभाग बंद, आणि मी दुसरीकडे बघायचं. हे त्यांनी मला आशीर्वाद द्यावा तसं सांगितलं.

एक गोष्ट मी बैठकीत बोलले नाही. एकलची किल्ली कित्येक आठवडे माझ्याजवळ होती आणि या काळात मी तासगावचं नाव एकदाही घेऊन पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकात मांडव होता. तासगावात कोणालाही आधी पाठवायचं नाही, अशी सक्त सूचना होती, कारण पुढं गेलेला माणूस वाट बघायला लागला असता. म्हणून सगळे विक्रेते गाड्या घेऊन माझ्या मागं थांबले होते. मी हँडल धरलं. सुरू झाली तर नोकरी राहणार होती. नाही झाली तर गेलेली नोकरी घेऊन मी कुठं जायचं, हे मला कळणार होतं. मी घराचं नाव घेतलं आणि किक मारली.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. टाळ्या झाल्या. मी हेल्मेट घातलं. हेल्मेटमध्ये चेहरा दिसत नाही, ही त्याची चांगली बाजू आहे.

बुधगाव गेलं, कवलापूर गेलं. एकल सुरेख चालत होती. कवठे एकंदच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा असताना, ती एकदम बंद पडली.

पाटकर जीपमधून उतरले. त्यांनी पेट्रोल बघितलं, प्लग बघितला, ती वायर बघितली. मग हात पुसून म्हणाले, “गाडीत दोष नाही. तिकडं कोणीतरी वाट बघतंय.”

मी त्यांना पुन्हा तपासायला सांगितलं. त्यांनी तपासलं आणि तेच सांगितलं. मी आणखी एकदा सांगायला लावलं.

बापूसाहेब घसा खाकरून म्हणाले, “मी मघाशी तुझ्या वडिलांना, चौगुल्यांना फोन केला होता. समिधा येतीय म्हणून.”

मी विचारलं, का? सगळी योजनाच त्यांना न कळण्यावर उभी होती.

“एवढी माणसं घेऊन एखाद्याच्या दारात न कळवता जायचं? आपल्यात असं करतात का?”

“पण योजना, बापूसाहेब.”

“ते योजनेचं झालं. हे रीतीचं.”

या लोकांनी साठ वर्षं वाट बघण्याच्या जोरावर धंदा केला आणि वाट बघणं सुरू व्हायला एक फोन पुरतो, एवढं त्यांना ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणाले. बापूसाहेबांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला.

“चौगुले, तुम्ही वाट बघताय का?”

“छे हो,” अण्णांचा आवाज आला. “मी पेपर वाचतोय.”

“आणि वहिनी?”

फोनवर हात ठेवल्याचा आवाज झाला. “ती पण नाही. ती स्वयंपाक करतीय.”

“काय करतायत?”

“शेंगोळ्या,” ते म्हणाले.

विक्रेत्यांनी एकमेकांकडे बघितलं. सगळे याच भागातले होते. दोन माणसांसाठी कोणी हुलग्याचं पीठ मळून शेंगोळ्या वळत बसत नाही.

बापूसाहेबांनी अण्णांना परिस्थिती समजावून सांगितली. मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे, तेव्हा वाट बघणं थांबवा. अण्णांनी थांबवल्याचं सांगितलं. मी किक मारली. काही नाही. मनापासून थांबवा हो, बापूसाहेब म्हणाले. मनापासूनच थांबवलंय, अण्णा म्हणाले. मी किक मारली. काही नाही.

टेम्पोत घालून नेलेली गाडी पोचली असं विक्रेते धरणार नव्हते. म्हणून मी ती ढकलत निघाले. मदत नको म्हणाले. मागून जीप आणि विक्रेत्यांच्या गाड्या पायीच्या चालीनं येत होत्या. बेदाण्याच्या शेडपाशी एक म्हातारा बसला होता. त्यानं विचारलं, पेट्रोल संपलं काय? मी म्हणाले, नाही, घरी कोणीतरी वाट बघतंय. तो म्हणाला, “मग ढकलायला काय होतंय.”

थोडं गेलं की मी थांबून किक मारायचे. गाडी सुरू व्हायची नाही. मी पुन्हा ढकलायला लागायचे. इतक्या वेळा किक मारायची तांत्रिक गरज नव्हती. पाटकर चालत माझ्या बरोबरीला आले आणि म्हणाले, पाय दुखेल. मी म्हणाले, दुखू दे. ते माझ्या हेल्मेटकडे बघत राहिले आणि मग जीपमध्ये जाऊन बसले. ऊन डोक्यावर आलं आणि कललं. भूक लागली होती, पण ती मला हवी होती. घरी गेल्यावर खाण्यासाठी भूक राखून ठेवण्याचा प्रसंग मला बऱ्याच दिवसांत आला नव्हता. मागं जीपमध्ये बापूसाहेब सारखे फोनवर बोलत होते. काचेमुळे ते ऐकू येत नव्हतं.

तासगावच्या गणपतीचं गोपूर दिसायला लागलं तेव्हा मी थांबले, हात झटकले आणि सवयीनं किक मारली.

गाडी सुरू झाली.

मागं सगळ्यांनी हॉर्न वाजवले. मी इंजिन बंद केलं आणि पुन्हा किक मारली. पुन्हा सुरू झाली. मी आणखी एकदा करून पाहिलं. बापूसाहेब उतरून आले, माझ्या हेल्मेटवर हात ठेवून शाब्बास म्हणाले आणि विक्रेत्यांना म्हणाले, चला.

घराचं दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली. अण्णा कॉटवर तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. आई आतून डोळे चोळत आली. “आलीस होय,” ती म्हणाली. मोरीपाशी दोन ताटं घासून पालथी घातलेली होती.

“आम्ही जेवून घेतलं,” अण्णा उठून बसत म्हणाले. साहेबांचे सारखे फोन येत होते. असंच बसून राहिलात तर पोरीची नोकरी जाईल, म्हणाले. आईनं आधी देवघरापाशी डोळे मिटून बसून पाहिलं, मग रेडिओ लावून पाहिला. जमेना. शेवटी साहेबच म्हणाले, जेवून घ्या.

“दोन घास उतरेनात,” आई म्हणाली. “मग हळूहळू गेलं.”

“काय गेलं?”

“तेच गं. वाट बघणं.”

अण्णांनी विचारलं, गाडी सुरू झाली ना पण? मी झाली म्हणाले. कितव्या किकला? पहिल्या, मी म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ते बाहेर गेले आणि बापूसाहेबांबरोबर एकलभोवती फिरून इंजिनाबद्दल बोलू लागले. व्यापाऱ्याच्या मुलाचा विषय त्यांनी काढला नाही. अंगणात विक्रेते मागणी नोंदवत होते. आईनं सगळ्यांना चहा केला आणि मला शेंगोळ्या गरम करून दिल्या. मी स्वयंपाकघरात एकटीनं जेवले. चव तीच होती.

निघताना आई फाटकापर्यंत आली. मी हँडल धरून विश्रामबागेतल्या खोलीचं नाव घेतलं. तिनं टाकीवरून हात फिरवला, पदरानं आरसा पुसला.

“आता बिनधास्त येत जा,” ती म्हणाली. “आज पहिलीच वेळ होती, म्हणून जरा जड गेलं. आता जमेल आम्हाला.”