सुगंधाच्या दंडातला मारुती

मी कोणाचा हेवा करत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या सांभाळणाऱ्या बाईला त्याला वेळ तरी कुठला? त्यातून शनिवार मारुतीचा. त्या दिवशी मीठ नाही, चहा नाही, आणि तोंडातून खोटा शब्द नाही. अकरा वर्षांत एकदाही नेम मोडलेला नाही!

या नेमाचं फळ म्हणजे रोट. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात हनुमान जयंतीला सव्वापाच किलोचा रोट होतो. गव्हाची ही भली जाड गोड पोळी, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली. त्याचं ताट डोक्यावर घेऊन भजनी मंडळाच्या पुढे चालायचा मान अकरा वर्षं माझा. वर्षभर मी खालमानेनं वावरते, पण त्या दिवशी माझी मान सरळ असते. तशीच ठेवावी लागते, नाहीतर रोट पडेल.

त्र्याण्णव साली मार्चात माझ्या धाकट्या जावेला, सुगंधाला, भुसावळ स्टेशनाबाहेर कुत्रं चावलं. मला वाईट वाटलं. अगदी मनापासून, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ कौतिक मुंबईहून बर्फाच्या थर्मासात इंजेक्शनं घेऊन आला. तो औषधांच्या एजन्सीत कामाला. ओट्यावर बसून त्यानं अख्ख्या आळीला समजावलं, की जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून करतात, ती पोटात चौदा वेळा टोचून घ्यावी लागते. ही नवी. वानराच्या मूत्रपिंडातल्या पेशी घ्यायच्या, काचेच्या भांड्यात खाऊपिऊ घालून वाढवायच्या, त्यांच्यात रोगाचे जंतू वाढवायचे, मग ते मारून लस करायची. दंडात पाच टोचली की झालं.

त्या दिवसापासून सुगंधाच्या दारात जत्रा. कोणी दंड बघतंय, कोणी रिकामी बाटली मागतंय. मला तीन वर्षांपूर्वी विंचू चावला होता, तेव्हा शेजारीण फक्त कांदा देऊन गेली होती.

मी हळूच देवळात गेले. तोताराम आबा म्हणजे मंदिराचं सगळं काही. त्यांना म्हटलं, आबा, मला मेलीला काय कळतंय, पण सुगंधाच्या अंगात जनावराच्या मूत्रपिंडाचं औषध गेलंय. औंदा तिनं रोटाच्या पिठाला हात लावावा का, तेवढं तुम्ही ठरवा.

आबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग उघडले तर भरलेले.

"यशोदाबाई, वानर म्हंजे जनावर का? मारुतीराया तिना हातमा बठेल शे. रोट औंदा तीच ली जाई."

झालं! माझ्याच तोंडानं मी मारुती उचलून तिच्या दंडात नेऊन बसवला. दुसऱ्या दिवशी बाया तिच्या दंडाला शेंदूर लावून गेल्या. बिचारी सुगंधा दंड पदराखाली झाकायची, तर लोक म्हणायचे, बघा किती विनय! अकरा वर्षं अळणी मी खाल्लं, आणि देव राहायला गेला तो जिनं आयुष्यात एक शनिवार धरला नाही तिच्याकडे!

हनुमान जयंती मंगळवारी होती. मी विचार केला, आपल्यालाही कुत्रं चावायला हवं. मग कौतिक पुन्हा थर्मास आणील, मारुतीराया माझ्याही दंडात येईल, आणि रोटासाठी निदान दोन उमेदवार होतील. पण कुत्र्याकडून चावून घेण्याचं धाडस होईना. म्हणून शुक्रवारी (शनिवारी नाही, हे लक्षात घ्या) पोटरीवर बाभळीच्या काट्यानं दोन ओरखडे काढले आणि आमच्या ह्यांना सांगितलं, देवळातला वाघ्या चावला.

ह्यांनी कौतिकची वाट बघितली नाही. माझं पायातलं सरकलेलं जोडवं नीट करायलाही वेळ दिला नाही. थेट एस.टी.त घातलं आणि जळगावला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांसमोर मी पदर सावरून दंड पुढे केला. ते म्हणाले, "झोपा. पोट."

मी क्षीण आवाजात विचारलं, वानराचं नाही का? डॉक्टर म्हणाले, ते इथे नाही. इथे मेंढीचं.

सुई पोटात गेली तेव्हा मला तेहेतीस कोटी देव दिसले. मारुती त्यांच्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसरी सुई. सोबतीला सुगंधाही आली. सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्यावर लक्ष ठेवा. तेव्हा ह्यांना एकाएकी काहीतरी आठवलं.

"साहेब, पण वाघ्याला दोन वर्षांपासून दातच नाहीत. दुधात कुस्करलेली भाकर खातो तो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, कुत्रा चावला की नाही?"

शनिवार होता.

खोटं बोलावं तर अकरा वर्षं पाण्यात. गप्प राहावं तर अजून बारा सुया. मी भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या तक्त्याकडे बघत म्हटलं, "काटा होता. मीच ओढला."

ह्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. डॉक्टरांनी हसू दाबत आणखी एक गोष्ट सांगितली. त्या नव्या लशीत वानर उरतच नाही. पेशी नुसत्या औषध वाढवायला, नंतर सगळं गाळून, धुऊन काढतात. "तुमच्या लशीत मात्र मेंढीचा मेंदू असतो, बरं का."

परतीच्या एस.टी.त सुगंधा बराच वेळ खिडकीबाहेर केळीची शेतं बघत होती. सारखी नगरदेवळ्याच्या फाट्याची चौकशी करणारा शेजारचा म्हातारा उतरून गेल्यावर म्हणाली, "अक्का, मेंढीना वार कोणता शे? मी भी धरसू." आणि मग खिडकीत तोंड घालून इतकी हसली की कंडक्टरनं वळून बघितलं.

पण गावात एका शब्दानं बोलली नाही. उलट मंगळवारी आबांसमोर रोटाचं ताट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "मान अक्काचाच."

मी वाकले. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, सुया टोचल्या तिथे, दोन आवळे सुजले होते. ताट जमिनीपासून वीतभर उचललं गेलं आणि तिथेच राहिलं. मला ना वर होता येईना, ना खाली. शेवटी तिनंच ते घेतलं आणि मारुती नसलेल्या त्या दंडानं डोक्यावर चढवलं. मी मागे, पोट धरून, वाकून. लोक म्हणाले, बघा, यशोदाबाईंची भक्ती! रोटाचा मऊ तुकडा वाघ्याला मिळाला.

प्रसाद वाटून झाल्यावर सुगंधा माझ्याशेजारी टेकली. हळूच म्हणाली, "अक्का, खरं सांगा. माझा हेवा वाटला का तुमाले?"

मंगळवार होता.

"छे ग," मी म्हटलं.