शंभराला शून्य

शनिवार, २९ मार्च २००३. नववी ब, विज्ञान प्रात्यक्षिक. हजर : सगळा वर्ग, कांबळे सर आणि परीक्षेची व्यवस्था बघणारी मी.

कांबळे सर शंभराला शून्य देतात. पाणी किती अंशांना उकळतं, या प्रयोगात ज्यानं शंभर लिहिलं त्याला शून्य. कोल्हापूर समुद्रापेक्षा बरंच उंचावर, त्यामुळं इथं पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळायला लागतं. पारा तिथंच थांबतो, पोरं त्याच्याकडं टक लावून बघतात आणि लिहितात शंभर. पुस्तकात शंभर आहे ना!

एकदा एक पालक उसाच्या ट्रॅक्टरसकट शाळेच्या दारात हजर. "पोरीनं पुस्तकातलंच लिवलं, तर शून्य व्हय ओ सर?"

"पुस्तक लिवणाऱ्यानं पाणी कोल्हापुरात उकळलंतं काय, पावणं?"

"बघितलंस काय?" हा सरांचा मंत्र. एका सभेत मुख्याध्यापक म्हणाले, "सूर्य पूर्वेला उगवतो इतकं हे स्पष्ट आहे." सर लगेच, "बघितलासा कधी? तुम्ही तर आठाला उठता." पुढं बरेच दिवस परिपाठाला सरांच्या हाती माईक आला नाही.

एप्रिलअखेर सर निवृत्त होणार. सकाळीच म्हणाले, "हे माझं शेवटचं प्रात्यक्षिक. जायच्या आधी एक तरी पोरगं डोळ्यांनी बघून लिहू दे, बाई. बास."

प्रयोग सुरू झाला आणि गॅस संपला. सर शिपायाकडं स्टो मागायला धावले. स्टो मिळाला, रॉकेल मिळालं नाही. रिकामा स्टो घेऊन परत येतात तर टेबलावर पेपरांचा गठ्ठा तयार. सगळ्यांचं उत्तर : अठ्ठ्याण्णव.

सरांनी चंचुपात्रात बोट बुडवलं. "पाणी तर कोमट हाय. मग अठ्ठ्याण्णव कुठनं आलं रं?"

मॉनिटर छाती काढून उभी राहिली. "सर, तुमीच सांगतासा की! पुस्तक चुकतंय, सर न्हाई चुकत!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना. सर स्टो हातात धरून तसेच उभे.

घंटा झाली, पोरं पळाली. सर पात्र विसळत म्हणाले, "बाई, तुम्ही तरी बघितलंय काय कधी?"

"त्यात काय बघायचं, सर? अठ्ठ्याण्णवच असणार!" बोलून गेले आणि जीभ चावली.

सर पोटभर हसले. मग पात्र पुसत राहिले, कोरडं झालं तरी. "घरी आता मी एकटाच असतो. थर्मामीटर हाय. या एखाद्या रविवारी. चहाचं आधण ठेवतो, दोघं मिळून बघू."

आता एप्रिल संपत आला. पेपर तपासून झाले, निकालपत्रकं झाली, निरोपाचा हारसुद्धा सांगून झाला. सरांच्या घरी जायचं तेवढं राहिलंय.