कॉइल माणसं, कंडेन्सर माणसं

वाटूर फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारे आमचे शेजारी किसनकाका माणसांचे दोनच प्रकार मानतात. एक कॉइल, दुसरा कंडेन्सर. दुकानात कुणी पाय ठेवला की आधी त्याचा प्रकार ठरतो, मग मोटारीची चौकशी.

"आमचा थोरला भाऊ कॉइल हाये," ते सांगतात. "करंट चालू हाये तोवर गच्च भरलेला. तोडला की एक ठिणगी मारतो, अन् मंग थंड. पाच मिनिटांत म्हणतो, किसन, च्या घे. पण वहिनी बिलकुल कंडेन्सर! बटन बंद केलं तरी आत भरलेलंच. लग्नाच्या साली मी भाजीत मीठ जास्त म्हणलो, अजून झटका बसून राह्यलाय."

हे वहिनींच्या कानावर गेलं. त्या वर्षी त्यांनी काकांना दिवाळीला बोलावलं नाही. काकांना वाईट वाटण्याऐवजी आपलं म्हणणं बराबर निघाल्याचा आनंदच झाला.

"अन् काका, तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मी नुसती तार. साठवत काही न्हाई, फुकट तापतो."

मी जालन्याला इलेक्ट्रिकल डिप्लोमा करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, कॉइलमध्ये आणि कपॅसिटरमध्ये ऊर्जा कशी साठते आणि कुठे वाया जाते? उत्तर मला इंग्रजीत पाठ होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. नापास झाले. फेरपरीक्षा पंधरा दिवसांवर होती. तीही गेली असती तर वर्ष गेलं असतं, आणि बाबांनी मला पुन्हा पाठवलं असतं की नाही, सांगता येत नाही.

हे ऐकून काका म्हणाले, "कपॅसिटर म्हणजे आपला कंडेन्सरच ना? मंग रडती कशाला? उद्यापासून बसमधून उतरली की इथं बस."

त्यांनी ट्यूबलाइटचा जुना चोक, म्हणजे कॉइलच, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला आणि तार झटकन काढली. तारेच्या टोकाला ठिणगी उडाली. "बघ. प्रवाह होता तोवर चुंबकात धरलं होतं. तोडल्यावर जाणार कुठं?" मग माझा हात धरून एका चालत्या मोटारीच्या अंगावर ठेवला. "ताप आला ना? हा तांब्यातला लॉस. वीज कामाला निघाली होती, वाटेत तापत बसली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कंडेन्सर भरले. मला लांब उभं केलं आणि एकाच्या टोकांना लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आडवा लावला. ताड! मी किंचाळले. दुसरा फळीवर तसाच ठेवला. चार दिवसांनी त्याला स्क्रूड्रायव्हर लावला तर चूं नाही.

"यातली वीज कुणी घेतली?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. आतल्या आत गळली."

फेरपरीक्षेला सरांनी तोच प्रश्न विचारला. घाबरून माझ्या तोंडून गेलं, "सर, कंडेन्सर गळतो."

सरांनी चष्मा काढला. "गळतो? नळ आहे का तो?"

"आतल्या दोन पत्र्यांच्या मधला थर वीज पूर्ण अडवत नाही सर. थोडी थोडी जातच राहते." मग ठिणगी सांगितली, तांब्यातला ताप सांगितला. सरांनी पुढे लोखंडी गाभ्यातला लॉस विचारला. तो मी पुस्तकातून वाचला होता. प्रवाहाची दिशा बदलली की लोखंडाला दर वेळी उलटं चुंबक व्हावं लागतं, त्यात ऊर्जा जाते, असं मी न अडखळता सांगितलं. पास झाले.

बसमधून उतरले ती थेट दुकानात गेले.

"पास? बराबर," काका म्हणाले आणि स्वच्छच असलेला स्क्रूड्रायव्हर पुसत बसले. काकू गेल्यापासून आणि मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यापासून ते दुकानातच जेवतात. गिऱ्हाईक मोटार टाकून निघून जातं, बसत कुणी नाही.

"मंग आता उद्यापासून सरळ घरीच जाशील."

मी बॅग खांद्यावर घेतली.

"जा म्हणा. पण लोखंडातला लॉस तर राह्यलाच की," ते स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाले. "तांब्यातला सांगितला, लोखंडातला न्हाई."

"तो मला बिलकुल येत न्हाई काका," मी म्हणाले.

"जल्दी येणारबी न्हाई," ते म्हणाले. "महिना तरी लागंल."